खटपट : मुक्कामाची गाडी



गेल्या अंकात वाळूत शिरण्यापूर्वी टायरमधली हवा किती कमी करावी, ह्याबद्दल लिहिले होते. त्यानंतर मंडळाच्या दिवाळी पहाटेला तिघाचौघांनी मला गाठून एकच प्रश्न विचारला, "आम्ही गाडीसाठी फ्रिज घेतलाय, आता दुसरी बॅटरी बसवावी लागेल का हो?" प्रश्न अगदी हंगामात आला. फराळाचे डबे रिकामे झाले की आपल्याकडे लिव्याच्या आणि ओमानच्या सहलींचे बेत शिजू लागतात. तेव्हा ह्या वेळी दुसऱ्या बॅटरीची खटपट. पण ती मला का करावी लागली ते आधी सांगतो, कारण चूक सर्वस्वी माझी होती आणि कोणाच्याही हातून होण्यासारखी होती.

२०१९ चा जानेवारी. आईबाबा व्हिजिट व्हिसावर दुबईला आले होते. दोन कुटुंबे, दोन गाड्या, लिव्याच्या वाळूत एक रात्र मुक्काम, असा बेत होता. संध्याकाळी मित्राच्या मुलीला ताप भरला आणि ते लोक परत फिरले. खरे तर त्यांच्यामागोमाग आम्हीही निघायला हवे होते. पण शेगडी पेटली होती, आई वाळूत पाय पसरून चांदणे बघत बसली होती, मन मोडवेना. राहिलो.

बाबांना मधुमेह. त्यांचे इन्सुलिन, दूध, श्रीखंड आणि सकाळसाठी भिजवलेले पोहे सोडून बाकी सगळे सौ.ने फ्रिजमध्ये भरले होते. फ्रिज डिकीतल्या सॉकेटला जोडलेला. हे सॉकेट मुळात चावी काढली की बंद व्हायचे. ते चोवीस तास चालू राहावे म्हणून मीच हौसेने वायर बदलून घेतली होती. रात्रभर फ्रिज चालला, तंबूतले दिवे चालले, चिरंजीवांचा मोबाइल चार्ज झाला. सकाळी सातला चावी फिरवली तर नुसते टक्-टक्-टक्. पुन्हा फिरवली, तर तेही नाही.

बाबा आयुष्यभर एस.टी.त ड्रायव्हर होते. ते शांतपणे म्हणाले, "अरे, मुक्कामाची गाडी उतारावर लावायची असते." खेड्यात मुक्कामाला गेलेली एस.टी. ते नेहमी उतारावर उभी करत. सकाळी बॅटरीने दगा दिला तरी गाडी सोडायची, गिअर टाकायचा, इंजिन सुरू. माझी गाडी ऑटोमॅटिक. तिला उताराचा उपयोग नाही, आणि वाळूत ती ढकलणार तरी कोण? टेकडीच्या आड फोनला रेंज नव्हती. जंपर केबल घरी राहिल्या होत्या. फ्रिज कधीचाच बंद पडला होता.

बाबांनी इन्सुलिन घेतले, पोहे खाल्ले, आणि आम्ही गाडीच्या सावलीत बसून राहिलो. गाडी सोडून चालत जायचे नाही एवढे मला ठाऊक होते. साडेदहाच्या सुमारास चिरंजीव जवळच्या टेकडीवर चढून टॉवेल हलवू लागला, आणि शेतावर काम करणारा एक पठाण पिकअप घेऊन आला. त्याच्याकडे केबल होत्या. पाच मिनिटांत गाडी सुरू. पैसे त्याने घेतले नाहीत, आईच्या हातचे दोन लाडू घेतले. जानेवारी होता म्हणून ही गोष्ट हसत सांगता येते. एप्रिल असता तर?

घरी आल्यावर हिशेब मांडला. आमचा चाळीस लिटरचा फ्रिज चालू असताना साधारण साडेचार अँपिअर घेतो आणि निम्मा वेळ चालतो. बारा तासांचे झाले २७ अँपिअर-तास. दिवे आणि मोबाइल धरून ३५ च्या आसपास. बॅटरी ७० ची, पण दोन उन्हाळे खाल्लेली. इथल्या उष्णतेत दोन-अडीच वर्षांत बॅटरी बदलावी लागणे नवलाचे नाही. म्हणजे तिच्यात तेवढे उरले असेल तर नशीब.

गंमत अशी की इंजिन सुरू करायला वीज फार लागत नाही. दोनशे अँपिअर तीन सेकंद ओढले तर तो एका अँपिअर-तासाचा जेमतेम सहावा हिस्सा होतो. पण ती वीज एकदम, जोराने मिळावी लागते. त्यासाठी स्टार्टरच्या बॅटरीत पातळ आणि पुष्कळ पट्ट्या असतात. ती तळापर्यंत हळूहळू रिकामी करत राहिलो तर लवकर मरते. फ्रिजला नेमके उलटे हवे असते, थोडी वीज, पण तासन् तास. त्यासाठी डीप सायकल बॅटरी, जाड पट्ट्यांची. दोन कामे, दोन स्वभाव, म्हणून दोन बॅटऱ्या.

आपल्या आज्या घरखर्चाचे पैसे एका डब्यात आणि अडीअडचणीचे दुसऱ्या डब्यात, डाळीत खुपसून ठेवत. पगार आला की दोन्ही डब्यांत पडायचे, पण भाजीवाल्याला द्यायचे ते पहिल्याच डब्यातून. गाडीतही एवढेच करायचे आहे. इंजिन चालू असताना अल्टरनेटरने दोन्ही बॅटऱ्या भराव्यात, आणि इंजिन बंद झाल्यावर फ्रिजचा हात स्टार्टरच्या बॅटरीपर्यंत पोचू नये. नुसती दुसरी बॅटरी पहिलीला जोडून टाकली तर सकाळी दोन्ही डबे रिकामे. खरे महत्त्व मधल्या पहारेकऱ्याचे.

हा पहारेकरी दोन प्रकारचा मिळतो. पहिला, व्होल्टेज बघून चालणारा रिले, म्हणजे आयसोलेटर. इंजिन सुरू होऊन व्होल्टेज साधारण १३.३ च्या वर गेले की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, १२.८ च्या खाली आले की तोडतो. साधा, स्वस्त, जुन्या गाड्यांना उत्तम. दुसरा, डीसी-डीसी चार्जर. बऱ्याच नव्या गाड्यांत पेट्रोल वाचवण्यासाठी संगणक अल्टरनेटरचे व्होल्टेज मध्येच उतरवतो. मग रिले तुटतो आणि मागची बॅटरी अर्धपोटी राहते. डीसी-डीसी चार्जर मिळेल ते व्होल्टेज घेऊन मागच्या बॅटरीला हवे तेवढे चढवून देतो. लिथियम बॅटरी बसवणार असाल तर तो हवाच, कारण ती सरळ जोडली तर अल्टरनेटरकडून झेपणार नाही इतका करंट ओढते. मी २५ अँपिअरचा चार्जर घेतला. शंभरची बॅटरी निम्मी रिकामी असेल तर दोन-अडीच तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये बरीचशी भरते. लिव्याचा परतीचा रस्ता त्याला पुरतो.

बॅटरी कुठे ठेवावी? बॉनेटखाली जागा असली तरी मी तिथे ठेवली नाही. लेड-ॲसिड बॅटरीबद्दल ढोबळ नियम असा, की दहा अंश तापमान वाढले की आयुष्य निम्मे. इथला उन्हाळा आणि त्यात इंजिनची धग! लिथियमला तर बॉनेटखाली जागाच देऊ नये. मी डिकीत डाव्या कोपऱ्यात १०० अँपिअर-तासाची एजीएम बॅटरी बसवली. पाण्याची साधी बॅटरी आत बसवू नका. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, आणि तो पेट घेणारा वायू आहे. एजीएम बंद असते, तरी तिच्याभोवतीही हवा खेळती ठेवावी.

ह्या बॅटरीचे वजन तीस किलोच्या आसपास. ब्रेक जोरात लागला तर ती मागच्या सीटवर बसलेल्या आईच्या पाठीत येईल, हे डोळ्यांसमोर ठेवून ट्रे बसवावा. नायलॉनचा पट्टा चालणार नाही. लोखंडी ट्रे जमिनीच्या पत्र्याला बोल्टने आवळावा. भोक पाडण्यापूर्वी गाडीखाली जाऊन पेट्रोलची टाकी आणि ब्रेकचे पाइप कुठून गेले आहेत ते स्वतः पाहावे.

आता केबल. पुढून मागे सहा मीटर, आणि परतीची केबल धरून बारा. २५ अँपिअर करंटला ६ चौ. मि.मी.च्या तारेत जवळजवळ ०.९ व्होल्ट वाटेतच जिरतात. १६ च्या केबलमध्ये एक तृतीयांश व्होल्ट. म्हणून १६ ची घेतली. पत्र्यातून जाते तिथे रबरी ग्रोमेट, बाकी सगळीकडे नळी. एक्झॉस्टपासून लांब.

फ्यूज मात्र दोन. हे बरेच जण चुकतात. एक पुढच्या बॅटरीच्या धन टोकाजवळ, एक मागच्या, दोन्ही वीतभर अंतराच्या आत. कारण ह्या केबलला दोन्ही बाजूंनी वीज आहे. मध्ये कुठे ती घासून पत्र्याला लागली आणि फ्यूज एकाच टोकाला असला, तर दुसऱ्या टोकाची बॅटरी तीच केबल लाल करून गाडी पेटवू शकते. मी ४० अँपिअरचे लावले. चार्जरच्या माहितीपत्रकात सांगितले असतील ते लावावेत.

फ्रिजची वायर वेगळी, मागच्या बॅटरीपासून सरळ, १५ अँपिअरच्या फ्यूजमधून. डिकीतले कंपनीचे सॉकेट पुढच्याच बॅटरीवर असते. तिथे फ्रिज लावला तर वरचा सगळा खटाटोप वाया. आणखी एक, फ्रिजवर बॅटरी वाचवण्याची लो, मीडियम, हाय अशी कळ असते. मी ती 'लो'वर ठेवली होती, कमी म्हणजे जपून असे समजून. अर्थ उलटा निघाला. 'लो'वर फ्रिज बॅटरीला साधारण दहा व्होल्टपर्यंत पिळत राहतो. स्टार्टरच्या बॅटरीवर फ्रिज लावण्याची वेळ आलीच तर कळ 'हाय'वर ठेवा.

काम सुरू करताना आधी ऋण टोक सोडवावे आणि शेवटी तेच जोडावे. पान्हा पत्र्याला लागला तरी ठिणगी उडत नाही. वीजकामाची सवय नसेल तर हे सगळे जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या, पण वरचे मुद्दे हातात ठेवून त्याच्या शेजारी उभे राहा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीत विचारा, आणि वार्षिक तपासणीत हा बदल चालेल का तेही.

शेवटी परीक्षा. मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद असताना भरलेली बॅटरी १२.६-१२.७ दाखवते. इंजिन चालू झाल्यावर मागची बॅटरी चौदाच्या आसपास चढली पाहिजे. मग बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एक रात्र फ्रिज चालू ठेवा आणि सकाळी पुढच्या बॅटरीचे व्होल्टेज पाहा. ते जागचे हलले नसेल तर काम झाले. ही परीक्षा वाळूत द्यायची नाही.

वर्षातून एखादीच रात्र जाणाऱ्यांनी एवढा खर्च करू नये, असे माझे मत. एक पोर्टेबल पॉवर स्टेशन फ्रिजला, आणि एक खिशात मावणारा जंप स्टार्टर गाडीला, एवढ्यावर भागते. फक्त उन्हाळ्यात ते उभ्या गाडीत ठेवू नका. आणि दुसरी बॅटरी असो वा नसो, दुसरी गाडी बरोबर हवीच. एक परतली तर दोन्ही परतायच्या. जाण्याची जागा आणि परतण्याची वेळ कोणाला तरी सांगून ठेवा. पोलिसांचा ९९९ पाठ असू द्या.

एक राहिले. त्या सकाळी पिकअपची वाट बघताना मी इन्सुलिन खराब झाले असेल म्हणून हळहळत होतो. बाबा म्हणाले, "अरे, वापरातले पेन आहे. डॉक्टरांनी सांगितलंय, उन्हात ठेवलं नाही तर चार आठवडे बाहेर चालतं. आणि रात्री तर आम्ही दोन-दोन रजया घेतल्या होत्या." म्हणजे ज्याच्यासाठी रात्रभर फ्रिज चालवला, त्याला त्या रात्री फ्रिजची गरजच नव्हती. श्रीखंडासाठी आम्ही गाडी बंद पाडली होती.

पुढच्या वर्षी बाबा आले तेव्हा त्यांना नवी बॅटरी दाखवली. त्यांनी ट्रे हाताने हलवून पाहिला, बोल्ट तपासले, आणि म्हणाले, "हा तुझा उतार होय? बरा आहे."

पुढच्या अंकात वाळूत रुतलेली गाडी काढण्याविषयी. तुमचे अनुभव माझ्याकडे किंवा मंडळाच्या कोणत्याही कार्यक्रमात जरूर सांगा. चूकभूल द्यावी घ्यावी.