यकृताच्या तपासणीची पहिली पायरी गावातच हवी

यकृताच्या जुनाट आजारात आता एंडोस्कोपिक अल्ट्रासाउंडचा, म्हणजे दुर्बिणीतून होणाऱ्या सोनोग्राफीचा, उपयोग वाढतो आहे. नेहमीची सोनोग्राफी पोटावरून होते. त्यात चरबी आणि आतड्यातील हवा आड येते. या तपासणीत मात्र तोंडावाटे जठरात नेलेल्या दुर्बिणीच्या टोकालाच सोनोग्राफीचा प्रोब असतो. त्यामुळे यकृताचा डावा भाग आणि जठराभोवती फुगलेल्या शिरा अगदी जवळून दिसतात. त्याच वाटेने सुई घालून यकृताचा तुकडा तपासणीसाठी घेता येतो. जठरातील फुगलेल्या शिरेत बारीक कॉइल आणि गोंदासारखे औषध सोडून रक्तस्रावही रोखता येतो.

मात्र ही तपासणी प्रत्येकाला लागत नाही. बहुतेकांचे निदान रक्त तपासणी, साधी सोनोग्राफी आणि फायब्रोस्कॅनवर होते. अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांना साध्या दुर्बिणीतून रबराचे बँड लावता येतात. शिवाय हे यंत्र महाग असून त्यासाठी प्रशिक्षित तज्ज्ञ लागतो, त्यामुळे ही सोय मुख्यतः मोठ्या शहरांतच आहे.

धाराशिव जिल्ह्यात भूम तालुक्यातील ईटसारख्या गावातून रुग्ण तिथे कधी पोहोचतो, हा खरा प्रश्न आहे. कावीळ म्हणून झाडपाल्याचे औषध घेण्यात महिने जातात. पोटात पाणी झाले, रक्ताची उलटी झाली किंवा डांबरासारखी काळी शौच झाली, की धावाधाव सुरू होते. तोवर यकृत आकसलेले असते.

पहिली पायरी स्वस्त आहे. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट या चार आकड्यांवरून 'फिब-४' हा अंक निघतो. यकृतात व्रण वाढल्याची शंका त्यावरून घेता येते. २०१८ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व उपचार मोफत आहेत. 'सी' तर गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. २०२१ मध्ये केंद्राने फॅटी लिव्हरचाही समावेश असंसर्गजन्य आजारांच्या कार्यक्रमात केला.

तेव्हा मधुमेह, स्थूलपणा किंवा दारूची सवय असलेल्या प्रत्येकाची ही तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रातूनच व्हावी. शंका आल्यास रुग्णाला कुठे पाठवायचे, हे ठरलेले असावे आणि सगळे रिपोर्ट सोबत जावेत. नव्या यंत्रांची खरेदी जरूर व्हावी. पण गावातली ही पायरी चुकली, तर शहरातली दुर्बीण उशिराच कामी येईल.