सुईचा उपाय आणि घरचें पथ्य

वसई तालुक्यांतील वटार हें गांव समुद्राकांठच्या वाड्यांच्या पट्ट्यांतलें. केळी, भाजीपाला, मोगरा, सोनचाफा, त्यांना पाणी पुरविणारीं बावखलें, आणि पहांटे टोपल्या घेऊन विरारची गाडी गांठणारीं माणसें, असा या पट्ट्याचा पिढ्यान् पिढ्यांचा क्रम. अलीकडे त्यांत दुसऱ्या एका वर्गाची भर पडली आहे. त्याच गाडीनें मुंबईच्या कचेऱ्यांत जाणारा, दिवसभर संगणकापुढें मान पुढें काढून बसणारा, आणि रात्रीं परततांना डब्यांतील कडीला एका हातानें लोंबकळणारा हा वर्ग होय. वाडींत ओणवी राहणारी बाई आणि कचेरींत खुर्चीवर बसणारा गृहस्थ यांचें जिणें निराळें. तक्रार मात्र एकच कीं, मान धरली, खांदा आंखडला. या तक्रारीवर हल्लीं फिजिओथेरपिस्ट ‘ड्राय नीडलिंग’ नांवाचा एक उपाय सुचवितात. आपण त्यास कोरडी सुई म्हणूं. ही सुई टोंचून घ्यावी कीं घेऊं नये, असा प्रश्न आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं निघत असेल. म्हणून त्याचा थोडा विचार येथें करितों.

या सुईंतून कोणतेंही औषध शरीरांत जात नाहीं, म्हणून ती कोरडी. ती भरीव असून तिची जाडी बहुधा पाव मिलिमीटरच्या आसपास असते. एकाच स्थितींत फार वेळ राहिलेल्या स्नायूंत दोरीसारखा ताठ पट्टा बोटांस लागतो. त्यांत एखादा बिंदु असा असतो कीं, तो दाबतांच कळ उठते, आणि कित्येकदां ती भलत्याच ठिकाणीं उठते. दाबावा खांदा आणि ठणकावें कानशील, असा प्रकार. चिकित्सक त्या बिंदूंत सुई घालतो. नेम बरोबर लागल्यास स्नायु क्षणभर आपोआप फडकतो, व पुष्कळदां त्यानंतर सैल पडतो.

या विद्येचा इतिहास फार जुना नाहीं. १९३८ सालीं केलग्रेन या इंग्रज डॉक्टरानें स्नायूंत तीव्र मिठाचें पाणी टोंचून, वेदना एका जागीं उत्पन्न होऊन दुसऱ्या जागीं कशी जाणवते, हें दाखविलें. अमेरिकेंत डॉ. जॅनेट ट्रॅव्हेल या विदुषीनें अशा बिंदूंचा जन्मभर अभ्यास केला. त्या बिंदूंत बधिरतेचें औषध टोंचीत असत. पुढें १९७९ सालीं प्रागचे डॉ. कारेल लेविट यांनीं २४१ रोग्यांचा अनुभव प्रसिद्ध केला. वेदनेच्या नेमक्या जागीं सुई गेली तर औषधावांचूनही तत्काळ आराम पडतो, असें त्यांनीं त्यांत मांडिलें. तेव्हांपासून कोरड्या सुईस मान मिळूं लागला.

हें म्हणजे चिनी अॅक्युपंक्चरच, असें कित्येकांस वाटतें. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ज्या वैद्यकीय पथकांतून १९३८ सालीं चीनला गेले, त्याच पथकांतील डॉ. बिजयकुमार बसु यांनीं पुढें १९५८ सालीं चीनमध्यें ती विद्या शिकून कलकत्त्यास आणिली. दोहोंची सुई एकसारखी असली तरी नकाशा वेगळा आहे. चिनी वैद्य शरीरांतील शक्तीचे मार्ग मानून सुई लावितो; कोरडी सुई स्नायूच्या रचनेकडे पाहून लावितात.

दुसरे कित्येक म्हणतील, हें सर्व सुश्रुतांत आहेच. सुश्रुतसंहितेंत सुया आहेत, हें खरें; परंतु त्या मुख्यतः व्रण शिवण्याच्या. तेथील १०७ मर्में हीं टोंचण्याचीं ठिकाणें नसून शस्त्र टाळण्याचीं ठिकाणें होत. पूर्वजांच्या पदरीं नसलेलें श्रेय बांधण्यापेक्षां त्यांचा हा खरा उपदेश घेणें बरें. कोठें टोंचावें यापेक्षां कोठें टोंचूं नये, हें जो जाणतो, त्याच्याच हातीं सुई द्यावी.

या उपदेशाचें कारण आजही तसेंच आहे. मानेकडून खांद्याकडे जाणाऱ्या ज्या स्नायूंत ही सुई बहुधा घालतात, त्याच्या खालींच फुप्फुसाचें शिखर आहे. सुई खोल गेल्यास फुप्फुसास छिद्र पडून छातींत हवा सांचते. असें क्वचितच घडतें, पण घडतें. सुई घेतल्यावर धाप लागली किंवा छातींत कळ आली, तर घरीं वाट पाहत न बसतां रुग्णालय गांठावें. एरव्हीं एक दोन दिवस अंग दुखणें किंवा लहानसा काळानिळा डाग पडणें, एवढेंच होतें. जे रक्त पातळ होण्याचें औषध घेतात त्यांनीं, तसेंच गर्भवती स्त्रियांनीं, आधीं आपल्या डॉक्टरांस विचारावें. सुई बंद पुडींतून आपल्यासमोर काढलेली, एकदांच वापरण्याची असावी. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत १९५२ च्या सुमारास फिजिओथेरपीचें शिक्षण सुरू झालें. आतां या विषयाचे पदवीधर गांवोगांवीं आहेत. तेव्हां पदवी, नोंदणी आणि या सुईचें शिक्षण, या तीन गोष्टी विचारण्यांत संकोच कसला ?

आतां गुण किती येतो ? आजवरच्या प्रयोगांवरून थोड्या दिवसांपुरती वेदना कमी होते, असें दिसतें. कित्येक महिने टिकणाऱ्या लाभाचा पुरावा दुबळा आहे. त्या ताठ बिंदूचें खरें स्वरूप काय, याविषयीं शास्त्रज्ञांतही एकमत नाहीं. यांत निराश होण्यासारखें कांहीं नाहीं. सुई स्नायूस थोडा अवकाश देते. त्या अवकाशांत हालचाल व व्यायाम झाला, तर लाभ राहतो. तीच ओणवी मान आणि तेंच ओझें पुढें चालू राहिलें, तर गांठ पुन्हां येते. ट्रॅव्हेलबाई अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या वैद्य होत्या. त्यांनींही केनेडींच्या पाठीस नुसतें इंजेक्शन दिलें नाहीं. झुलती खुर्चीही दिली, ती अंग एका जागीं थिजूं नये म्हणून.

हें पथ्य एकट्या रोग्यास पाळतां येत नाहीं, आणि म्हणूनच हा लेख कुटुंबासाठीं आहे. मोठ्या घरांत कर्त्या पुरुषाची पाठ दुखली कीं दहा जण धांवतात. पाण्याच्या बादल्या उचलणारी, सर्वांच्या पोळ्या लाटणारी, आणि त्यावर कचेरीचें कामही करणारी सून मानेला ओढणी गुंडाळून हिंडते, तें कोणाच्या डोळ्यांत येत नाहीं. तिला सुईसाठीं नेऊन आणावें आणि संध्याकाळीं पुन्हां त्याच ओट्यापुढें उभें करावें, तर दिलेले पैसे व सोसलेली टोंचणी दोन्ही वायां जातात. ओटा तिच्या उंचीस बेताचा आहे काय, जड भांडीं कमरेच्या उंचीवर ठेवतां येतील काय, पोळ्यांची पाळी वाटून घेतां येईल काय, हें घरांतील वडील माणसांनीं आजच पाहावें. सांगितलेले व्यायाम करण्यास तिला रोज वीस मिनिटें कोणी बोलावूं नये. एवढें करूनही हाताला मुंग्या येत असतील, पकड ढिली झाली असेल, किंवा दुखणें रात्रीं वाढत असेल, तर सुईचा विचार बाजूस ठेवून आधीं डॉक्टरांकडून तपासणी करावी.