आधी पास काढा, मग पासपोर्ट

पांढऱ्या भिंती, निळे घुमट आणि खाली निळाशार समुद्र. सँटोरिनीचं हे रील तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी सेव्ह करून ठेवलं असेल. त्यात चूक काहीच नाही. स्वप्न बघायला एसटीचं तिकीट लागत नाही. पण ग्रीसच्या बेटावर जाणारे लोक तिथे आठवडाभर नेमकं करतात काय, हे त्या रीलमध्ये दिसत नाही. खरी गंमत तिथेच आहे, आणि ती हिंगोलीत बसून उचलता येण्यासारखी आहे.

त्यांची पद्धत साधी असते. एका बेटावर सात दिवस मुक्काम ठोकायचा. रोज सकाळी बोटीने नाहीतर बसने कुठेतरी जायचं आणि वेळेत परत यायचं. मिकोनॉसवर राहणारा पाहुणा एक दिवस शेजारच्या डिलॉस बेटावर जातो. ग्रीक पुराणात हे अपोलो देवाचं जन्मस्थान. आज तिथे प्राचीन शहराचे अवशेष आहेत आणि पर्यटकांना रात्री राहायला परवानगीच नाही. बोटीने जा, डोळे भरून बघा, बोटीने परत या. एक मुक्काम, रोज नवी दिशा. बस्स, इतकंच.

आता ही पद्धत आपल्याकडे का नाही? पैसे नाहीत म्हणून? थोडंसं तेही खरं. ग्रीसला जायचं तर नुसती व्हिसाची फी ९० युरो आहे, विमानाचं तिकीट आणि बँकेची कागदपत्रं वेगळीच. पण औंढ्याला जायला व्हिसा लागत नाही, तरी आपण जात नाही. गेलो तर श्रावणात, घरच्यांसोबत, रांगेत उभं राहून दर्शन घेऊन परत. माझं म्हणणं असं की आपल्याकडे बाहेर पडायला कारण लागतं. परीक्षा, लग्न, दवाखाना, दर्शन, बाजार. ‘बघायला चाललो’ हे कारण घरात कुणी मान्यच करत नाही. आणि मुलगी असेल तर विचारूच नका. “कामून चालली गं तिकडं? कोणासोबत? कधी येशील?” प्रश्न संपेपर्यंत बस निघून गेलेली असते.

तुमच्या खिशातला एसटीचा पास काढून बघा. त्यावर दोन गावांची नावं आहेत: तुमचं गाव आणि कॉलेजचं गाव. तीन नाहीतर पाच वर्षं आपण त्या एकाच रस्त्यावर येतो-जातो आणि डिग्री घेऊन मोकळे होतो. पुढे पुण्यात रूमवर कुणी विचारतं, “हिंगोलीत बघण्यासारखं काय आहे?” आपण खांदे उडवतो आणि म्हणतो, “काही नाही रे.”

काही नाही? चला, सात दिवस मोजू. मुक्काम हिंगोलीत, म्हणजे घरी, होस्टेलवर किंवा मावशीकडे.

पहिला दिवस औंढा नागनाथ. दर्शन घ्याच, पण नंतर तासभर मंदिराभोवती फिरा. खालचा दगडी भाग जुना आणि कोरीव आहे, वरचा भाग नंतर बांधलेला आहे. हा फरक नुसत्या डोळ्यांनी कळतो. नंदी समोर नसून मागच्या बाजूला आहे. नामदेवांसाठी देऊळ फिरलं ही कथा याच देवळाची, आणि नामदेवांना गुरू विसोबा खेचर भेटले ते इथेच, असं परंपरा सांगते.

दुसरा दिवस नर्सी. कयाधूच्या काठचं हे गाव संत नामदेवांचं जन्मस्थान मानलं जातं. नामदेव काही घरी बसून राहिले नाहीत. ते पंजाबपर्यंत गेले. त्यांची ६१ पदं शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि पंजाबातल्या ज्या घुमानशी त्यांचं नाव जोडलेलं आहे, तिथे २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. सातशे वर्षांपूर्वी आपल्याच मातीतला माणूस इतका फिरला आणि आपण सेनगावहून नर्सीला जायला कारण शोधतोय.

तिसरा दिवस पूर्णा नदीवरचं सिद्धेश्वर धरण. भिंतीजवळ उभं राहून सेल्फी काढा, पण एक प्रश्नही विचारा: हे पाणी कुणाच्या शेतात जातं आणि कुणाच्या जात नाही? हा प्रश्न कॉलेजच्या कुठल्याही प्रोजेक्टला पुरून उरेल.

चौथा दिवस वसमत. हळदीच्या हंगामात गेलात तर हळद शिजवणं, वाळवणं, पॉलिश करणं हे सगळं बघायला मिळेल. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे ते नाव आता कुणीही आपल्या मालाला लावू शकत नाही. घरच्या डब्यातली हळद कुठून येते हे ज्याला माहीत आहे, त्याला अर्थशास्त्राचं अर्धं पुस्तक आधीच कळलेलं असतं.

पाचवा दिवस रेल्वेने वाशीम. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. अजिंठ्याचं १६ नंबरचं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा याच शाखेच्या हरिषेण राजाचा मंत्री. अजिंठा बघायला जगभरातून लोक येतात, आणि त्या लेण्यामागची सत्ता आपल्या शेजारच्या स्टेशनावर नांदत होती.

सहावा दिवस लांबचा, म्हणून पहिल्या गाडीने निघायचं: लोणार. काळ्या बसाल्ट खडकावर उल्का आदळून झालेलं, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर. २०२० साली त्याच्या सरोवराला रामसर यादीत जागा मिळाली. सँटोरिनीचं सौंदर्य ज्वालामुखीने घडवलं, तशी आपली काळी जमीनसुद्धा मूळची ज्वालामुखीच्या लाव्हाचीच. फरक इतकाच की त्यांनी कड्यावर हॉटेलं बांधली आणि आपण मातीत कापूस, सोयाबीन पेरलं.

सातव्या दिवशी कुठेही जायचं नाही. सहा दिवसांत जे बघितलं ते वहीत लिहून काढायचं.

कुणी म्हणेल, “ही तर कोल्ह्याची आंबट द्राक्षं झाली. ग्रीस परवडत नाही म्हणून औंढा गोड.” तसं नाही. ग्रीसला जा, जरूर जा. पण ज्याने घराजवळचं देऊळ तासभर बघितलेलं नाही, तो डिलॉसच्या खांबांसमोर काय बघणार? फोटो काढेल आणि पुढच्या बोटीला पळेल. असे पाहुणे जास्त झाले की गावाचं काय होतं, हेही ग्रीसकडे बघून कळतं. सँटोरिनीवर जेमतेम पंधरा हजारांच्या आसपास लोक राहतात आणि वर्षाला लाखो पर्यटक येतात. शेवटी सरकारने २०२५ पासून क्रूझने येणाऱ्यांवर कर लावला. बघण्याची सवय नसलेला पर्यटक कुठेही गेला तरी गर्दीच वाढवतो.

आणि या सवयीचा संबंध पोटापाण्याशीही आहे. औंढ्याजवळ लायगो-इंडिया प्रकल्प उभा राहतोय. गुरुत्वीय लहरी टिपणाऱ्या या वेधशाळेला केंद्र सरकारने २०२३ साली मंजुरी दिली, खर्च २६०० कोटी रुपये. चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजा काटकोनात असतील. उद्या इथे देशोदेशीचे शास्त्रज्ञ येतील. त्यांना हा परिसर कोण दाखवणार? नागनाथाच्या मंदिराबद्दल, नामदेवांबद्दल, हळदीबद्दल चार वाक्यं नीट कोण सांगणार? तेव्हाही आपण खांदे उडवले, तर बाहेरचा कुणीतरी गाइड येईल आणि आपलंच गाव आपल्याला तिकीट लावून दाखवेल.

आता खर्चाचं बोलू. एसटीचा ‘आवडेल तेथे प्रवास’ पास चार दिवसांचा मिळतो, तसा सात दिवसांचाही मिळतो. मुलींना मार्च २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पास स्वस्त पडतो की रोजचं तिकीट, याचा हिशोब आधी मांडा. जवळच्या जवळ फिरायचं असेल तर रोजचं तिकीटच परवडेल. डबा घरचा. पाण्याची बाटली घरची. परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ मात्र स्टँडवर विचारून लिहून घ्या, मोबाइलवर विसंबू नका.

मुलींनो, ही पद्धत खास तुमच्या कामाची आहे, कारण घरातल्या प्रत्येक प्रश्नाला तिच्याकडे उत्तर आहे. कुठे? औंढ्याला. कोणासोबत? वर्गातल्या चौघी. कधी येणार? साडेपाचच्या आत. चार वेळा वेळेत परत आलात की पाचव्या वेळी प्रश्न कमी होतात. परवानगी एकदम मिळत नाही, ती अशी हप्त्याहप्त्याने मिळवावी लागते. मुलांनो, तुम्हाला हे प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून निदान घरी बहिणीची बाजू तरी घ्या.

आणि हो, फिरायला लागलात की काय काय नाही हेही दिसेल. कुठे मुलींसाठी स्वच्छ स्वच्छतागृह नाही, कुठे माहितीचा फलक नाही, कुठे दुपारनंतर गाडीच नाही. ते लिहून ठेवा, कॉलेजात बोला, ग्रामपंचायतीला आणि आगारात निवेदन द्या. जो जातच नाही, त्याला मागण्याचा हक्क कोण देणार?

येत्या सुट्टीत एक वही घ्या, तीन-चार जण जमवा आणि सकाळची गाडी पकडा. दारात कुणी अडवून विचारलंच, “काय काम आहे तिकडं?” तर बिनधास्त सांगा, “काम काही नाही. बघून येते.”