पिक्सेलमधलं जंगल

फॉरेस्ट्री शिकायला काय लागतं? ‘जंगल!’ असं म्हणून तुम्ही मोकळे व्हाल. पण दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठात किंवा अकोल्याच्या पंजाबराव देशमुख विद्यापीठात बीएस्सी फॉरेस्ट्री करणाऱ्यांना जंगलाबरोबर कम्प्युटरही लागतो. उपग्रहाच्या चित्रावरून झाडी ओळखणं हा त्यांच्या अभ्यासाचाच भाग. म्हणजे एसीत बसून जंगल? सॉलिड आहे की!

हा फंडा मी आपल्या शिवाजी पार्कावर लावून बघितला. पार्क सुमारे २८ एकरांचं. देशाच्या वनआच्छादनाचा नकाशा वर्षानुवर्षं ज्या उपग्रहचित्रांवरून काढला गेला, त्यांच्या एका ठिपक्यात, म्हणजे पिक्सेलमध्ये, २३.५ मीटर लांब-रुंद जमीन मावते. अख्खं पार्क दोनशेएक ठिपक्यांत संपतं! कट्ट्यामागचा एखादा थोराड रेन ट्री एकटाच जवळपास एक ठिपका खातो. खाली गप्पा छाटणाऱ्या आजोबांसकट.

आता गंमत बघा. भारतीय वन सर्वेक्षणाच्या व्याख्येत किमान एक हेक्टर जागा आणि तिच्यावर १० टक्के झाडांचं छत असलं की झालं वनआच्छादन. मालक कोण, झाड कुठलं, प्रश्नच नाही. त्यामुळे हापूसची बागही त्यात बसते आणि देवराईही. वरून दोन्ही हिरवंगार!

म्हणूनच मला वाटतं, मुलांना आधी स्क्रीनवरचा एक ठिपका द्यावा आणि मग त्याच ठिपक्यात नेऊन उभं करावं. टेप घ्या, जमिनीपासून १.३७ मीटरवर बुंध्याचा घेर मोजा. उंचीसाठी मोबाइलमधला कोनमापक आहेच. पानाचा फोटो काढला की झाडाचं नाव सांगणारी अ‍ॅप्सही आहेत. पण नाव कळलं म्हणजे झाड कळलं असं नाही. मुंबईतले कितीतरी रेन ट्री पिठ्या ढेकणाने वाळले. फांदीवरचा तो पांढरा कापूस उपग्रहाला दिसत नाही, मान वर करूनच बघावा लागतो.

उलटही तितकंच खरं. ३ जून २०२० ला ‘निसर्ग’ चक्रीवादळाने दापोलीकडची झाडं आडवी केली, तेव्हा लॉकडाउनमुळे कॉलेजं बंद. अशा वेळी वादळाआधीचं आणि नंतरचं चित्र घरबसल्या शेजारी-शेजारी ठेवता येतं. युरोपचे सेन्टिनेल-२ उपग्रह दर पाच दिवसांनी १० मीटरच्या ठिपक्याचं चित्र देतात, तेही फुकट! पावसाळ्यात ढग आडवे येतात, मग रडारची चित्रं वापरायची. एवढा पट्टा पायी पालथा घालायला महिने गेले असते.

यातलीच काही मुलं उद्या वनखात्यात जातील. ‘इथे जंगल आहे’ की ‘नाही’, हे त्यांच्या अहवालात लिहिलं जाईल आणि रस्ता, खाण, रिसॉर्ट यांचं भवितव्य त्या एका वाक्यावर ठरेल. मग त्यांनी ठिपका आणि झाड, दोन्ही बघितलेलं बरं, नाही का?

तोवर तुम्हीही येत्या वीकेण्डला टेप घेऊन कट्ट्यावर या. आजोबांनी विचारलंच, ‘काय रे, काय मोजतोस?’ तर बिनधास्त सांगा, ‘पिक्सेल!’