फिजिओथेरपी घेताय? आधी नोंदणी क्रमांक विचारा

बजाजनगरला फर्स्ट शिफ्ट सुटली की आमच्या ओपीडीत कंबर धरून येणाऱ्यांची रांग लागते. कुणाची चमक भरलेली, कुणाला 'मणक्यात गॅप' सांगितलेला, कुणाची 'नस दबलेली'. वाळूज एमआयडीसीत आठ तास लाईनवर उभे राहून, वाकून, वजन उचलून काम करणाऱ्यांची ही दुखणी आहेत. त्यात नवीन काही नाही.

मागे एक तरुण आला. वय तिशीच्या आत, कंत्राटी कामगार. दोन महिने एका सेंटरवर रोज जात होता. तिथे 'गादी सरकली आहे' असे सांगून करंट देणे, शेक देणे आणि ट्रॅक्शनवर ताणणे सुरू होते. मी तपासायला घेतले तेव्हा त्याच्या पट्ट्याला घरी खिळ्याने पाडलेले दोन नवीन भोक दिसले. विचारले तर म्हणाला, "हो सर, वजन उतरलंय. संध्याकाळी कणकण पण येते. पण ते कामाचं असेल." दोन दिवसांपासून पाय जड वाटत होते, म्हणून तो घाबरून आला होता.

एमआरआयमध्ये मणक्याचा टीबी निघाला.

औषधे सुरू झाली, तो आज चालतो आहे. पण पोखरलेल्या मणक्याला दोन महिने ताण दिला जात होता, हे विसरता येत नाही. ते सेंटर चालवणाऱ्याच्या भिंतीवर अकरा प्रमाणपत्रे फ्रेम करून लावली होती, असे या तरुणानेच सांगितले. "एवढी सर्टिफिकेटं बघून भरवसा बसला," हे त्याचे शब्द. फिजिओथेरपीची पदवी त्यात एकही नव्हती.

आजचा लेख म्हणून थोडा रागाने लिहितो आहे.

हजेरीचे प्रमाणपत्र आणि परीक्षेचे प्रमाणपत्र

ही दोन वेगळी आहेत, हे आधी लक्षात घ्या. शनिवार-रविवारची कार्यशाळा, कपिंगचा कोर्स, टेपिंगचा कोर्स, सुया टोचण्याचा कोर्स, मान-कंबर 'कडकड' वाजवण्याचा कोर्स. यातल्या बहुतेक ठिकाणी फी भरली आणि दोन दिवस बसलात की संध्याकाळी प्रमाणपत्र हातात मिळते. शिकलेल्या फिजिओथेरपिस्टने असे कोर्स केले तर चांगलेच आहे, ती त्याच्या पायावरची भर असते. पण पायाच नसेल तर ती भर कशावर टाकायची?

आता आकडे बघा. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीटीएच अभ्यासक्रम इंटर्नशिप धरून चार वर्षांहून जास्त काळाचा. त्यात शरीररचना, शरीरक्रिया, मेंदू-मज्जासंस्था, हाडे, हृदय, फुप्फुसे हे सगळे येते आणि प्रात्यक्षिक परीक्षेत परीक्षकासमोर पेशंट तपासून दाखवावा लागतो. २०२१ मध्ये केंद्राने या क्षेत्रासाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात फिजिओथेरपिस्टसारख्या आरोग्य व्यावसायिकाला किमान ३६०० तासांचे शिक्षण हवे असे म्हटले आहे, तेही तीन ते सहा वर्षांत. सहायक स्वरूपाच्या आरोग्य व्यावसायिकालाही किमान २००० तास हवेत. वीकेंड कोर्स धरा १६ तासांचा. ३६०० तास भरायला असे २२५ वीकेंड लागतील, म्हणजे एकही सुट्टी न घेता चार वर्षांहून जास्त. आणि आपण एका वीकेंडवाल्याच्या हातात आपली मान देतो.

"पण त्याच्या हाताला गुण आहे!"

हे मला रोज ऐकायला मिळते. उत्तर जरा कडू आहे. साधी कंबरदुखी बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप कमी होते. त्या काळात तुम्ही शेक घ्या, तेल लावा, करंट घ्या, नाही तर काहीच करू नका. श्रेय शेवटी ज्याच्याकडे गेलात त्यालाच मिळते. दहातले आठ बरे झाले की 'हाताला गुण' ठरतो.

शिक्षण लागते ते उरलेल्या दोघांसाठी. शंभर कंबरदुखीवाल्यांतला टीबीचा एक ओळखणे, खांदा धरला म्हणून आलेल्याला 'शुगर तपासली का' हे विचारणे, मान दुखते म्हणणाऱ्याला चक्कर येते का, बोलताना जीभ जड होते का हे आधी विचारून मगच मानेला हात लावणे. मानेला चुकीचा झटका दिला तर मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते. असे क्वचित होते, पण ज्याला होते त्याला पक्षाघात येऊ शकतो. कुठे हात लावायचा नाही हे कळण्यासाठी ती सगळी वर्षे असतात. मशीन लावायला तर चार दिवसांत कुणीही शिकेल.

"पदवीवाले तरी काय, पाठ करूनच पास होतात"

हा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य करतो. गाईड वाचून, जुन्या प्रश्नपत्रिका घोकून पास होणारे आहेत. स्नायूचे उगम आणि शेवट घडाघडा म्हणतील, पण पेशंट खुर्चीतून कसा उठतो याकडे बघणार नाहीत. परदेशी जाऊ पाहणारी आपली मुले अमेरिकेच्या पाच तासांच्या परवाना-परीक्षेसाठी रात्र-रात्र अभ्यास करतात आणि पास होतात. म्हणजे कुवत आहे. तिकडच्या पेशंटसाठी एवढी तयारी आणि रांजणगाव-पंढरपूरच्या कामगारासाठी भिंतीवरच्या फ्रेमा, हे मला खटकते.

पण परीक्षा कच्ची असेल तर ती पक्की करा म्हणायचे, की परीक्षाच नको म्हणायचे? आरटीओत लाच चालते म्हणून बिनालायसन्सच्या ड्रायव्हरच्या बसमध्ये आपण मुले बसवत नाही. २०२१ च्या कायद्याने पदवीनंतरच्या परवाना-परीक्षेची वाट मोकळी केली आहे. ती नुसती चार पर्यायांतून एक निवडण्याची होऊ नये. पेशंट समोर बसवा, दहा मिनिटे बोलू द्या आणि मग विचारा, 'याला व्यायाम द्याल की डॉक्टरकडे परत पाठवाल?' या एका प्रश्नावर मी पास-नापास ठरवीन.

आमचाही दोष

त्या तरुणाच्या फाईलमध्ये आमच्याच एका व्यवसायबंधूची चिठ्ठी होती: 'फिजिओ, १० दिवस'. निदान नाही, हेतू नाही, काय टाळायचे तेही नाही. अशा चिठ्ठ्या मीही पूर्वी लिहिल्या आहेत. आम्ही डॉक्टरांनी फिजिओथेरपीला 'मशीन लावणे' समजलो, म्हणून मशीन लावणाऱ्यांची दुकाने चालली. मुंबईच्या केईएम रुग्णालयात कमला निंबकर यांनी १९५० मध्ये व्यवसायोपचाराचे शिक्षण सुरू केले. भौतिकोपचाराचे शिक्षणही तिथे त्याच दशकात सुरू झाले. नोंदणीसाठी राज्याचा परिषद कायदा मात्र २००२ चा आणि देशाचा २०२१ चा. मधल्या पन्नास वर्षांत कुणीही पाटी लावली तरी विचारणारे फारसे नव्हते, आणि तीच सवय अजून सुटलेली नाही.

"स्वस्त पडतं हो सर"

पैशाची अडचण खरी आहे, त्यावर मी हसणार नाही. पण हिशोब पूर्ण करा. त्या तरुणाने दोन महिने सिटिंगचे पैसे दिले, वर बुडालेले खाडे. ईएसआयचे कार्ड असेल तर ते वापरा. घाटीत दाखवा. आणि चांगला फिजिओथेरपिस्ट तुम्हाला रोज बोलावत नाही. तो घरी करायचे तीन-चार व्यायाम शिकवतो, लाईनवर कसे उभे राहायचे, वजन कसे उचलायचे ते दाखवतो आणि आठवड्याने परत बघतो. जो महिनोन्महिने फक्त झोपवून मशीन लावतो, तोच शेवटी महाग पडतो.

तुम्ही एवढे करा

पहिल्याच दिवशी विचारा: "तुमचं शिक्षण काय? महाराष्ट्र राज्य व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेचा तुमचा नोंदणी क्रमांक काय?" लाजू नका. ज्याच्याकडे क्रमांक आहे तो आनंदाने दाखवतो, कारण त्याने तो कमावलेला असतो. चिडला तर उत्तर मिळाले असे समजा. रोज उपचार तोच करतो की मदतनीस, हेही बघा. आणि हात लावण्याआधी तुमची नीट चौकशी, तपासणी झाली का?

पुढीलपैकी काहीही असेल तर मशीन, मसाज, ट्रॅक्शन सगळे थांबवून डॉक्टरांना दाखवा:

- लघवी किंवा संडासवरचा ताबा जाणे, लघवी अडणे, बसायची जागा बधिर होणे. यात त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा, सकाळची वाट पाहू नका.
- पाय जड पडणे, पाऊल उचलता न येणे, चप्पल पायातून नकळत निसटणे. हेही त्याच दिवशी दाखवा.
- ताप, संध्याकाळची कणकण, वजन उतरणे.
- रात्री झोपेतून उठवणारे, आडवे पडूनही न थांबणारे दुखणे.
- पूर्वी कॅन्सर किंवा टीबी झालेला असणे.
- पडल्यानंतर किंवा अपघातानंतर सुरू झालेले दुखणे.

ही यादी फोटो काढून ठेवा, शेजारच्या खोलीतल्यालाही पाठवा. आणि शिकणाऱ्या मुला-मुलींपैकी कुणी हे वाचत असेल तर त्यांना एकच सांगतो. परीक्षेचा अभ्यास कंटाळवाणा वाटेल तेव्हा त्या पट्ट्याची दोन भोके आठवा. तो प्रश्न पेपरात कदाचित येणार नाही, पण ओपीडीत नक्की येईल.