नाव नीट घ्यावे

बाराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालतात. आत्या पाळण्यात वाकून त्याच्या कानात ‘कुर्र’ करते, नाव सांगते आणि जमलेल्या बायका हसत हसत तिच्या पाठीत धपाटे घालतात. मग घुगऱ्या वाटतात. त्या घटकेला ते नाव कुठल्याही कागदावर नसते, फक्त एका कानात असते. म्हणजे नाव ही आधी ऐकण्याची गोष्ट आहे, लिहिण्याची मागाहून. शाळा, दाखला आणि नोकरी यांच्या मागे धावताना आपण हे विसरतो.

नावाचा उच्चार हा काय वार्षिकांकात लिहिण्याचा विषय आहे, असे माझ्या मैत्रिणींनी मला विचारले. महागाई आहे, बेकारी आहे, पाण्याचा प्रश्न आहे. त्यांचे म्हणणे खोटे नाही. परंतु गेल्या वर्षी आमच्या घरात जे घडले त्यामुळे हा विषय मला लहान वाटेनासा झाला.

माझे वडील रांजणगावच्या औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे अकरा वर्षे कामाला होते. त्यांच्या नावात ‘ठ’ आहे आणि आडनावात ‘ळ’. पहिल्या दिवशी सुपरवायझरने इंग्रजी यादीवरून नाव वाचले, ते चुकले. वडिलांनी बरोबर नाव सांगितले. दुसऱ्या दिवशी पुन्हा चुकले. तिसऱ्या दिवशी वडिलांनी सांगणे सोडून दिले. पुढे तर त्या नावाची दोनच अक्षरे उरली आणि सगळे खाते त्याच दोन अक्षरांनी त्यांना हाक मारू लागले. “राग येत नाही का?” असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, “त्यांना कुठं येळ हाय? आपलं कामाशी काम.”

ठेका संपला आणि भविष्यनिर्वाह निधीचे पैसे काढण्याची वेळ आली. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. अर्ज मी भरला. तो नामंजूर होऊन परत आला. कारण काय, तर निधीच्या खात्यावरचे नाव आणि आधार कार्डावरचे नाव जुळत नाही. मी सगळे कागद समोर मांडले. एका कागदावर नावात एक ‘टी’, दुसऱ्यावर दोन ‘टी’, तिसऱ्यावर ‘एच’ गळालेला. आडनावाचे स्पेलिंग तर बँकेत निराळेच होते. एका माणसाची तीन माणसे झाली होती आणि पैसे मात्र चौथ्याच कुणाचे तरी होते.

दुरुस्तीसाठी कामगार आणि मालक या दोघांच्या सह्यांचे संयुक्त घोषणापत्र लागत होते. ते घेऊन आम्ही ठेकेदाराच्या कचेरीत पाच खेपा घातल्या. तिथले एक गृहस्थ मला म्हणाले, “अहो ताई, एका अक्षरानं काय होतंय?” मला हसावे की रडावे ते कळेना. हाक मारताना एका अक्षराने काही बिघडत नाही, आणि कागदावर मात्र त्याच एका अक्षरापायी गरिबाचे पैसे सात महिने अडून राहतात! ज्याने पहिल्या दिवशी नाव नीट ऐकले नाही त्याचे काहीच अडले नाही. अडले ते ज्याचे नाव होते त्याचे.

यात इंग्रजी लिपीचा दोष नाही काय? आहे. तिच्यात ‘त’ आणि ‘ट’ यांना एकच अक्षर, ‘द’ आणि ‘ड’ यांना एकच, ‘न’ आणि ‘ण’ यांना एकच. ‘ळ’ला तर तिथे जागाच नाही. म्हणून नाव इंग्रजीत जाऊन परत मराठीत येते तेव्हा ते पुष्कळदा ओळखू येत नाही. आपल्या गावांचेच पाहा. साहेबाच्या कागदात शिरूरचे ‘सिरूर’ झाले, पुण्याचे ‘पूना’ झाले. दौंडचे झाले ‘धोंड’! 1878 साली सुरू झालेल्या दौंड-मनमाड लोहमार्गाचे नावच ‘धोंड-मनमाड’ असे होते. पुण्याने आपले नाव इंग्रजीतही नीट लिहून घेतले ते 1978 साली. शिंद्यांचे ‘सिंदिया’ झाले आणि लोकमान्य टिळकांचे उत्तरेत ‘तिलक’. एवढ्या थोरांची ही कथा, तर यादीतल्या कामगाराची काय असेल?

तरीही सगळा दोष लिपीवर टाकून मोकळे होणे मला पटत नाही. परक्या माणसाची जीभ एखाद्या अक्षरापाशी अडखळते, ते क्षम्य आहे. अडखळणे निराळे आणि विचारण्याचे कष्टच न घेणे निराळे. शिवाय गंमत अशी की, ही चूक नेहमी पाण्यासारखी वरून खाली वाहते. रांजणगावच्या कारखान्यांत परदेशी साहेब येतात. त्यांची नावे आपल्या जिभेला काही सोपी नाहीत. पण आमच्या गावची दहावी नापास झालेली मुले ती नावे आठवड्याभरात बिनचूक म्हणतात, कारण चुकले तर परवडणार नाही हे त्यांना ठाऊक असते. म्हणजे प्रश्न जिभेचा नाही, गरजेचा आहे. ज्याच्यावाचून आपले अडते त्याचे नाव आपण बरोबर पाठ करतो.

आता थोडे आपल्या अंगणात पाहू. एकाच नावाची खेड्यात किती रूपे होतात! जमीनजुमला असेल तर धोंडीराव, म्हातारा आणि भला असेल तर धोंडिबा, आणि गडी असेल तर धोंड्या. बारशाला तिघांच्याही कानात एकच नाव सांगितलेले असते. पुढे कुणाला ‘राव’ लागतो आणि कुणाचे नाव मोडले जाते, ते जात आणि पैसा ठरवतो. इंग्रज येण्याआधीपासून हे चालत आले आहे.

या संदर्भात मला कोरेगाव भीमाचा स्तंभ आठवतो. 31 डिसेंबर 1817 च्या रात्री जी पलटण शिरूरहून निघाली तिचे शिपाई दुसऱ्या दिवशी तिथे लढले. स्तंभावर गावाचे नाव साहेबी थाटात ‘कोरेगाम’ असे कोरले आहे, पण पडलेल्या शिपायांची नावेही कोरली आहेत. त्यांतल्या कित्येक नावांच्या शेवटी ‘नाक’ आहे. ज्या माणसांना त्यांच्या गावात कुणी पुऱ्या नावाने हाक मारली नसेल, त्यांची पुरी नावे दगडावर आहेत. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले होते, आणि आजही दरवर्षी त्या दिवशी तिथे लाखो माणसे जातात. त्या लढाईविषयी विद्वानांचे मतभेद असोत. नाव पुरे घेतले जाणे ही माणसाची केवढी भूक आहे, एवढे मला त्यावरून कळते.

आणि ही भूक केवळ आपल्यालाच असते असे नाही. माझी मावशी दौंडला राहते. रेल्वेमुळे तिथे सर्व प्रांतांची माणसे आहेत. परंतु आपण उत्तरेकडच्या प्रत्येकाला ‘भैया’ म्हणतो, दक्षिणेकडच्याला ‘अण्णा’ आणि नेपाळ्याला ‘बहादूर’. मीही म्हणत होते. वडिलांबरोबर काम करणारा ओडिशाचा एक मुलगा आमच्या घरी येई. दोन वर्षे तो माझ्या लेखी ‘भैया’च होता. वडिलांच्या कागदांचे हे रामायण सुरू असताना मला माझीच लाज वाटली आणि मी त्याला नाव विचारले. पहिल्यांदा मी चुकले, दुसऱ्यांदाही चुकले. तिसऱ्यांदा बरोबर आले तेव्हा तो नुसता हसला आणि चहा अर्धा ठेवून आपल्या गावाविषयी बोलत बसला. दोन वर्षांत तो इतके कधीच बोलला नव्हता.

आपल्यापैकी बरेच जण माझ्यासारखे घरातले पहिलेच शिकणारे आहेत. उद्या आपल्यातले कोणी शिक्षक होतील, कोणी तलाठी, कोणी बँकेत बसतील. खिडकीच्या या बाजूला आपले आईवडील उभे राहत आले, त्या बाजूला आपण बसू. तेव्हा एवढेच करावे. समोरच्याला नाव विचारावे, ते एकदा त्याच्यासमोर म्हणून दाखवावे, आधी मराठीत लिहावे आणि मग त्याच्या आधार कार्डाशी ताडून इंग्रजीत लिहावे. याला अर्धा मिनिट लागतो. गुरुजनांनाही माझी नम्र विनंती आहे. वर्षाच्या पहिल्या हजेरीला प्रत्येकाचे नाव त्याच्याच तोंडून ऐकावे. चुकीच्या नावाला मान खाली घालून ‘हजर’ म्हणणारी मुले या वर्गात पुष्कळ आहेत.

वडिलांचे काम शेवटी झाले. घोषणापत्रावर सही घेण्यासाठी कचेरीतल्या एका नव्या मुलीने कागद हातात घेतला आणि ‘ठ’ व ‘ळ’ यांसकट पुरे नाव मोठ्याने वाचले. बाकावर बसलेले माझे वडील उठले नाहीत. तिने पुन्हा पुकारले. मी त्यांना कोपराने ढोसले तेव्हा ते गडबडून उभे राहिले. अकरा वर्षांत कामाच्या जागी त्या नावाने त्यांना कुणी हाक मारलीच नव्हती, त्यामुळे आपल्यालाच बोलावताहेत हे त्यांच्या ध्यानात आले नाही.

पैसे सात महिन्यांनी मिळाले. ती अकरा वर्षे कशी भरून यावीत?