चाली संपल्या म्हणे!

सूर सातच, मग चाली कधीतरी संपणारच, असं मला अलीकडे वरचेवर ऐकवलं जातं. सांगणारे बहुधा गाण्याचे चांगले जाणकार असतात, म्हणून तर राग येतो.

त्यांच्या हाती आता एक आकडाही आला आहे. डेमियन रील हा अमेरिकेतला वकील आणि नोआ रुबिन हा प्रोग्रॅमर, या दोघांनी संगणकाकडून आठ सुरांच्या बारा-बारा जागांच्या सगळ्या चाली काढून घेतल्या. आठचा बारावा घात म्हणजे 6,871 कोटींच्या वर. 2020 मध्ये त्यांनी हा साठा सर्वांसाठी खुला असल्याचं जाहीर केलं. हेतू भला होता. 1976 मध्ये जॉर्ज हॅरिसनला 'नकळत' चाल उचलल्याबद्दल कोर्टाने दोषी धरलं होतं. तशा खटल्यांतून गाणाऱ्यांना सोडवायचं होतं. पण आमच्याकडे त्यातून निष्कर्ष निघाला तो असा, की बघा, यादी तयार झाली, आता नवं काही नाही.

कसली यादी? भूप आणि देसकार घ्या. दोन्हीत सा रे ग प ध हे तेच पाच स्वर. भूप गंधारावर विसावतो आणि रात्री गातात. देसकार धैवताला धरून असतो, तो सकाळचा. मारवा, पूरिया, सोहनी या तिघांचे सहा स्वरही तेच आहेत, पण पूरिया खाली मंद्रात रमतो आणि सोहनी वर तारसप्तकात. रीलच्या संगणकाला हे तीन राग वेगळे ओळखू येणार नाहीत. स्वर मोजले की संगीत मोजलं, असं मानणाऱ्याने एकदा कुठल्याही उस्तादासमोर बसून भूप म्हणून देसकार गाऊन बघावा.

मग रेडिओ-मोबाइलवर तीच ती गाणी का? रिमेकचं कारण गणितात शोधू नका, हिशेबाच्या वहीत शोधा. जुन्या गाण्याचे हक्क कंपनीकडे आधीच असतात आणि ऐकणारा तयार असतो. नव्या चालीत पैसा बुडू शकतो.

इथे चिखलदऱ्यात, मेळघाटात, कोरकू लोक होळीच्या दिवसांत ढोल-बासरीवर गदली-सुसून नाचतात. एकच चाल तासन् तास चालते, शब्द बदलत जातात. मी एका म्हाताऱ्या ढोलवाल्याला विचारलं, "बाबा, हे गानं कोनी बनोलं?" तो हसला. "कोनी म्हंजे? आमचंच हाय ना." त्या उत्तरात चोरीची भीती नाही आणि नवेपणाची घाईही नाही. तरी दरवर्षी काहीतरी सरकतं, ठेक्यात, शब्दांत.

धोका आहे तो वेगळाच. परतवाड्याच्या माझ्या एका मित्राने उरुसातल्या कव्वालीचं रेकॉर्डिंग टाकलं. बंदिश अमीर खुसरोंच्या नावाने गायली जाणारी. खुसरो 1325 मध्ये गेले. दोन दिवसांत एका कंपनीचा हक्काचा दावा आला. सातशे वर्षांची चीज, आणि मालक कोण तर जिने ती कधीतरी छापली ती! चाली संपत नाहीत, मंडळी, त्यांच्याभोवती कुंपणं पडतात.

कुंपण घालणारा नेहमी बडाच असतो असंही नाही, हे मान्य करतो. डागर घराण्यातल्या मुसलमान धृपदियांची 'शिवस्तुती' आणि रहमान यांचं 'पोन्नियिन सेल्वन 2' मधलं गाणं यांचा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला. एप्रिल 2025 मध्ये एका न्यायमूर्तींनी डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, सप्टेंबरमध्ये खंडपीठाने तो रद्द केला. राग अडाणा कुणाचाच नाही, पण त्यातली बंदिश कुणाची तरी असू शकते. माझा कल डागरांकडे आहे. निदान नाव तरी आधीपासून द्यायला काय हरकत होती?

घराण्याकडे निदान वकील असतो. त्या ढोलवाल्याची चाल उद्या कुणी स्टुडिओत नेली आणि 'पारंपरिक' एवढाच शब्द लिहून विकली, तर तो कुठल्या कोर्टात जाणार? आणि परवा त्याच्याच नातवाने ती वाजवून मोबाइलवर टाकली, तर दाव्याची नोटीस त्यालाच येईल.